एकच जागा सीटीत काळी आणि एमआरआयत पांढरी का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नौपाड्यात राहणाऱ्या तुमच्या ७१ वर्षांच्या वडिलांचा उजवा हात पहाटे लुळा पडला. त्याच दुपारी झालेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात मेंदूच्या डाव्या बाजूला 'हायपोडेन्स' भाग असल्याचे लिहून आले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रात झालेल्या एमआरआयच्या अहवालात त्याच जागेला 'टी-टू आणि फ्लेअरवर हायपरइन्टेन्स' म्हटले आहे. 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त, मग एकाच जागेबद्दल दोन उलट गोष्टी कशा, कोणते केंद्र चुकले आणि आता तिसऱ्या ठिकाणी तपासणी करावी का, असे तुम्ही विचारले आहे. ठाण्यात २२ वर्षे सीटी आणि एमआरआयचे अहवाल लिहिल्यावर मी एवढे निश्चित सांगू शकतो की तुम्ही उतरवून दिलेल्या शब्दांत कोणतीही विसंगती नाही. दोन्ही अहवाल एकाच घटनेचे, म्हणजे मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याचे, वर्णन करत आहेत आणि केवळ या शंकेपोटी तिसरी तपासणी करण्याची गरज नाही.

गोंधळ होतो तो 'हायपो' आणि 'हायपर' या उपसर्गांकडेच लक्ष गेल्यामुळे. खरा अर्थ त्यांच्यामागून येणाऱ्या शब्दात आहे. सीटीच्या अहवालात 'डेन्स' येते, म्हणजे घनता, आणि एमआरआयच्या अहवालात 'इन्टेन्स' येते, म्हणजे संकेताची तीव्रता. या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि एकीच्या कमी-जास्तीवरून दुसरीची कमी-जास्ती ठरत नाही.

सीटीमध्ये क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेतल्या ऊतींनी त्यांतले किती अडवले याचा हिशेब संगणक मांडतो. जितके जास्त अडवले तितकी ती जागा पांढरी आणि जितके कमी अडवले तितकी ती काळी. हा हिशेब एका ठरावीक मोजपट्टीवर केला जातो. लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. ते यंत्र बनवणारे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव त्या मोजपट्टीला मिळाले, आणि १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर विभागून देण्यात आले. या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे १००० असते. चरबी उणे ५० ते उणे १०० च्या आसपास येते, मेंदूच्या ऊती २५ ते ४० च्या दरम्यान, नुकतेच साकळलेले रक्त साधारण ६० ते ८०, आणि घट्ट हाड कित्येक शेकडा ते हजाराच्या वर. यंत्र ठाण्यातले असो वा वाशीतले, ते नीट जुळवलेले असेल तर पाणी दोन्हीकडे शून्यच येते. म्हणून सीटीतला 'हायपोडेन्स' हा शब्द जवळजवळ एखाद्या मापासारखा वाचता येतो.

नातेवाईक समोर बसलेले असतील आणि वेळ असेल तर मी त्यांना हे पडद्यावर दाखवतो. माऊसने मेंदूच्या पाण्याच्या पोकळीत एक लहान गोल काढला की शेजारी ५ किंवा ६ असा आकडा उमटतो. तोच गोल निरोगी उजव्या बाजूला नेला की ३३ येतो, आणि डाव्या बाजूच्या त्याच पातळीवरच्या, जरा करड्या वाटणाऱ्या भागावर ठेवला की २२. डोळ्यांना तो फरक इतका पुसट असतो की बोट ठेवून दाखवल्याशिवाय पुष्कळांना तो दिसत नाही, पण आकडा पाहिल्यावर ते मान हलवतात. रक्तपुरवठा तुटलेल्या पेशींच्या भागात पाणी साचू लागते आणि साधारणपणे ते १ टक्क्याने वाढले की हा आकडा दोन-अडीच युनिटांनी उतरतो. पाणी वाढले, घनता उतरली, भाग काळसर झाला, एवढाच 'हायपोडेन्स' या शब्दाचा अर्थ तुमच्या वडिलांच्या बाबतीत आहे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्याचे आणि चरबीचे हायड्रोजन अणुकेंद्रक तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवले जातात, त्यांना रेडिओ लहरींचा धक्का दिला जातो आणि ते पूर्वपदावर येताना जो क्षीण संकेत देतात तो टिपला जातो. हा संकेत कोणत्या क्षणी आणि कोणत्या पद्धतीने टिपायचा हे आपण ठरवतो. त्या प्रत्येक पद्धतीला 'सीक्वेन्स' म्हणतात आणि तीच जागा प्रत्येक सीक्वेन्सवर वेगळी दिसते. टी-वन नावाच्या सीक्वेन्सवर चरबी पांढरी आणि पाणी काळे असते. टी-टूवर पाणी पांढरे असते. फ्लेअर हा टी-टूचाच असा प्रकार आहे की ज्यात मेंदूभोवतीच्या मोकळ्या पाण्याचा संकेत मुद्दाम दाबलेला असतो, त्यामुळे पेशींच्या भागात साचलेले पाणी तेवढे उठून दिसते. एमआरआयमध्ये हाउन्सफील्डसारखी सर्वमान्य मोजपट्टी नाही. एकाच माणसाला दोन यंत्रांत ठेवले तर संकेताचे आकडे निराळे येतात. म्हणून 'हायपरइन्टेन्स' म्हणजे 'आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा उजळ' एवढेच, आणि ते कोणत्या सीक्वेन्सवर हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता दोन्ही अहवाल शेजारी ठेवा. मेंदूच्या त्या भागात पाणी वाढले आहे. पाणी क्ष-किरण कमी अडवते म्हणून सीटीत तो भाग काळसर, आणि पाणी टी-टूवर उजळ दिसते म्हणून एमआरआयत तो पांढरा. वयस्कर रुग्णांच्या अहवालात वारंवार येणाऱ्या वाक्यांचेही तसेच आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जुन्या झिजेला सीटीत 'पेरिव्हेंट्रिक्युलर हायपोडेन्सिटी' आणि एमआरआयत 'व्हाइट मॅटर हायपरइन्टेन्सिटी' म्हणतात. आजार एकच असतो, पण नाव निराळे वाटल्यामुळे पाच वर्षांनी कुटुंबाला तो नवा आजार झाल्यासारखे वाटते.

तुमच्या एमआरआय अहवालात आणखी तीन शब्द आहेत. ते आजाराविषयी अधिक सांगतात, आणि त्यांतला एक तुम्ही नेमका उलट समजला आहात.

पहिला शब्द 'डिफ्युजन रिस्ट्रिक्शन'. पाण्याचे रेणू पेशींच्या अवतीभवती सतत हलत असतात. रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी फुगतात, त्यांच्यामधली जागा आवळते आणि ही हालचाल मंदावते. डिफ्युजन सीक्वेन्सवर असा भाग पांढरा दिसतो आणि पक्षाघाताच्या झटक्यानंतर बहुधा अर्ध्या तासाच्या आतच दिसू लागतो. सीटी त्या वेळी अनेकदा अगदी साधा असतो आणि स्पष्ट बदल दिसायला काही तास जावे लागतात. मात्र डिफ्युजनवर पांढरे दिसणारे सगळेच नवे नसते, कारण टी-टूवर फार उजळ असलेला जुना डागही तिथे पांढरा झिरपतो. म्हणून त्याच्या जोडीने एडीसी नावाचा, पाण्याची हालचाल प्रत्यक्ष किती आहे हे दाखवणारा नकाशा पाहतात. खरोखर हालचाल अडली असेल तर तो भाग डिफ्युजनवर पांढरा आणि एडीसीवर काळा असतो. तुमच्या अहवालात 'विथ लो एडीसी' असे लिहिले आहे, म्हणजे हा डाग ताजा आहे, कधीचा तरी जुना नाही. माझ्या मते त्या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे तीन शब्द तेच आहेत. हेही सांगायला हवे की पू साचलेली गाठसुद्धा डिफ्युजन अडवते, त्यामुळे हा शब्द वाचून स्वतःच निदान करू नये.

दुसरा शब्द 'फ्लो व्हॉइड'. 'मेजर आर्टरीज शो नॉर्मल फ्लो व्हॉइड्स' हे वाक्य वाचून तुम्ही 'मुख्य धमन्यांत रक्तच नाही का' असे विचारले आहे. परिस्थिती नेमकी उलट आहे. वेगाने वाहणारे रक्त संकेत टिपला जाण्याआधीच ज्या पातळ थराचे चित्र घेतले जाते त्या चकतीतून पुढे निघून जाते, त्यामुळे टी-टूवर धमनीच्या जागी काळी पोकळी दिसते. ती पोकळी दिसणे म्हणजे रक्त वाहते आहे. चिंता असते ती 'लॉस ऑफ फ्लो व्हॉइड' लिहिलेले असेल तर. सीटीत या शब्दाला जागाच नाही. तिथे साध्या तपासणीत धमनी मेंदूइतकीच करडी दिसते, आणि तिच्यात ताजी गुठळी अडकलेली असेल तर ती पांढऱ्या दोरीसारखी उठून दिसते, तिला 'हायपरडेन्स आर्टरी' म्हणतात. म्हणजे धमनी सीटीत पांढरी दिसणे हे वाईट लक्षण, तर एमआरआयत ती काळी दिसणे हे चांगले.

तिसरा 'नो ब्लूमिंग'. रक्तातील लोह आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटते. काही सीक्वेन्स याच विस्कटण्याला मुद्दाम संवेदनशील ठेवलेले असतात, आणि त्यांवर रक्ताचा लहानसा ठिपका प्रत्यक्षाहून मोठा आणि गडद काळा पसरलेला दिसतो. त्या पसरण्याला 'ब्लूमिंग' म्हणतात. ते नाही, म्हणजे या भागात रक्तस्राव आढळलेला नाही. रक्त पातळ करणारे औषध द्यायचे की नाही हे ठरवताना डॉक्टर हे वाक्य शोधतात.

रक्ताच्या बाबतीत या दोन शब्दसंग्रहांतले अंतर सर्वाधिक आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. सीटीत रक्ताचा प्रवास सरळ उताराचा असतो. ताजे साकळलेले रक्त पांढरे म्हणजे 'हायपरडेन्स' असते. ते त्यातील लोहामुळे नव्हे, तर घट्ट झालेल्या हिमोग्लोबिन या प्रथिनामुळे. पुढे दिवसागणिक ते विरघळते, एक ते तीन आठवड्यांच्या सुमारास मेंदूइतकेच करडे म्हणजे 'आयसोडेन्स' होते आणि नंतर काळसर. ही आयसोडेन्स पायरी फसवी आहे, कारण कवटीखाली साचलेले पातळ थर मेंदूत मिसळल्यासारखे दिसतात. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. हिमोग्लोबिन फार उतरलेल्या रुग्णाचे ताजे रक्तही सीटीत हवे तितके पांढरे दिसत नाही, म्हणून ॲनिमिया असलेल्या रुग्णाचा सीटी वाचताना मी रक्ततपासणीचा कागद मागून घेतो.

एमआरआयत हेच रक्त पाच अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेत त्याचा रंग बदलतो. अगदी पहिल्या तासांत ते टी-वनवर मेंदूसारखे आणि टी-टूवर उजळ असते. पहिल्या तीन दिवसांत टी-टूवर काळे होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत टी-वनवर पांढरे, पण टी-टूवर अजून काळे. पुढच्या आठवड्यांत दोन्हींवर पांढरे. आणि कित्येक महिन्यांनी काठाशी लोहाचा काळा कडा तेवढा उरतो. हिमोग्लोबिन रासायनिकदृष्ट्या बदलत जाते आणि तांबड्या पेशी फुटतात, त्याचा हा परिणाम असतो. त्यामुळे 'एमआरआयमध्ये रक्त कसे दिसते' या प्रश्नाला 'कोणत्या दिवशी आणि कोणत्या सीक्वेन्सवर' हा प्रतिप्रश्न अटळ आहे. विद्यार्थ्यांना हा तक्ता पाठ करावा लागतो, पण पेशंटकडून झटक्याची नेमकी तारीख आणि वेळ विचारून घेतल्याशिवाय तो तक्ता उपयोगी पडत नाही.

कॅल्शियमच्या बाबतीत दोघांची भूमिका आणखी वेगळी आहे. सीटीत कॅल्शियमचा ठिपका लख्ख पांढरा असतो, आकडा सहज १०० च्या वर जातो आणि शंकेला जागा राहत नाही. एमआरआयच्या नेहमीच्या सीक्वेन्सवर तोच ठिपका काळा असतो, कधी दिसतच नाही, तर कधी टी-वनवर चक्क पांढरा दिसतो. फिट आल्यामुळे आलेल्या रुग्णाच्या मेंदूत पट्टकृमीच्या अळीची जुनी, कॅल्शियम साचलेली गाठ असेल, तर एमआरआय झालेला असूनही आम्ही कधी कधी साध्या सीटीची शिफारस करतो. ती पाहून नातेवाईकांना वाटते की मोठी तपासणी झाल्यावर लहान तपासणी कशाला. पण यात मोठे-लहान काही नाही, कॅल्शियम ओळखायला सीटी अधिक खात्रीचा आहे.

मेंदूबाहेरचे एकच उदाहरण देतो, कारण त्यात या दोन भाषा फार सुबकपणे समोरासमोर येतात. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत लहान गाठ सापडली आणि साध्या सीटीत तिचा आकडा १० किंवा त्याहून कमी असला, तर ती बहुधा चरबीयुक्त, निरुपद्रवी ॲडिनोमा असते. हीच गाठ एमआरआयत पाहताना आम्ही आकडा लिहीत नाही. दोन वेगळ्या क्षणी टिपलेल्या प्रतिमांची तुलना करून 'आउट ऑफ फेज प्रतिमेवर (म्हणजे जिच्यात चरबी आणि पाण्याचे संकेत एकमेकांना खोडतात तिच्यावर) संकेत घटतो' असे लिहितो. सीटीत 'कमी घनता' आणि एमआरआयत 'संकेताची घट', दोन्हींचा अर्थ पेशींमध्ये चरबी आहे.

आता शब्द चुकण्याविषयी. अहवाल लिहिणाऱ्यांनी हे शब्द काटेकोरपणे वापरले नाहीत तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. काही वर्षांपूर्वी कळव्याहून एक बाई पतीचा एमआरआय अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या. एका केंद्राने त्यात 'हायपरडेन्स फोकस' लिहिले होते. एमआरआयमध्ये घनता मोजलीच जात नाही. तेव्हा हे वाक्य जुन्या सीटी अहवालातून उचललेले होते, की लिहिणाऱ्याला टी-वनवरचा पांढरा ठिपका म्हणायचा होता, हे कळायला मार्ग नव्हता. पहिल्या अर्थाने तो कॅल्शियम किंवा ताजे रक्त ठरत होता आणि दुसऱ्या अर्थाने काही दिवसांचे रक्त किंवा चरबी. त्यांच्याकडे सीडी नव्हती, फक्त अहवालाचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. मूळ प्रतिमा मिळेपर्यंत चार दिवस गेले आणि तेवढे दिवस त्या माणसाचे रक्त पातळ करणारे औषध थांबवून ठेवावे लागले. तेव्हापासून मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना जुन्या अहवालावर नवा अहवाल टाइप करू देत नाही.

'काँट्रास्ट' या शब्दाबद्दल थोडक्यात. सीटीत शिरेतून दिले जाणारे औषध आयोडीनयुक्त असते आणि ते क्ष-किरण अडवून भाग पांढरा करते. एमआरआयत गॅडोलिनियमयुक्त औषध देतात, ते स्वतः दिसत नाही, तर शेजारच्या पाण्याचा टी-वन संकेत उजळवते. दोन्ही अहवालांत 'एन्हान्समेंट' हा एकच शब्द येतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ 'औषध दिल्यावर उजळले' असाच असतो. पण 'मला काँट्रास्टची ॲलर्जी आहे' एवढेच सांगणे पुरेसे नाही. कोणत्या तपासणीच्या वेळी त्रास झाला आणि काय झाले हे फाइलवर लिहून ठेवा, कारण एकाची ॲलर्जी म्हणजे आपोआप दुसऱ्याची नव्हे. दोन्हींच्या आधी मूत्रपिंडाचे कार्य विचारले जाते, म्हणून वडिलांचा क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ ठेवावा.

केंद्रांच्या पाट्यांवर '१२८ स्लाइस' आणि '३ टेस्ला' असे आकडे असतात, आणि यांतला मोठा कोणता असे लोक विचारतात. हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे नाहीत. स्लाइस हे सीटी यंत्र एका फेरीत किती चकत्या टिपते याचे माप आहे आणि टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे. दीड टेस्लाचे चुंबकही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट असते, म्हणून आत जाण्यापूर्वी पेसमेकर, क्लिप, जुनी शस्त्रक्रिया यांची चौकशी केली जाते. ती कंटाळा न करता नीट उत्तरे देऊन पूर्ण करावी. 'डोस' हा शब्द मात्र फक्त सीटीचा आहे. मेंदूच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, तर निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिळतो. सीटी यंत्राला अणुशक्तीनगरातल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, एमआरआयला लागत नाही, कारण त्यात तसे किरणच नसतात.

पुढचे काही आठवडे तुम्हाला आणखी अहवाल वाचावे लागतील, म्हणून त्यांतले शब्द कसे बदलतील हे आधीच सांगून ठेवतो. साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास एडीसीवरचा काळा भाग फिकट होऊन निरोगी भागासारखा दिसू लागतो आणि अहवालातून 'लो एडीसी' निघून जाते. तो डाग भरून आला असा त्याचा अर्थ नाही, तो ताजा राहिला नाही इतकाच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सीटी केला तर हायपोडेन्स भाग काही काळ जवळजवळ नाहीसा झाल्यासारखाही दिसतो. आम्ही याला 'फॉगिंग' म्हणतो. त्या वेळी औषध बंद करू नका. नंतर काही महिन्यांनी तो भाग पुन्हा काळा, पाण्यासारखा दिसेल आणि अहवालात 'ग्लायोसिस' किंवा 'एन्सेफॅलोमलेशिया' असा शब्द येईल. ते दोन्ही शब्द सीटी आणि एमआरआय दोहोंत चालतात आणि त्यांचा अर्थ 'जुना व्रण' असा आहे, नवा झटका नव्हे.

न्यूरोलॉजिस्टकडे पुढच्या भेटीला जाताना दोन्ही तपासण्यांच्या सीडी न्या, फिल्मचे किंवा अहवालाचे फोटो नकोत, कारण सीडीतल्या मूळ प्रतिमेवर गोल काढून आकडा पाहता येतो आणि डिफ्युजनशेजारी एडीसी ठेवून पाहता येतो, फोटोवर यांतले काहीच करता येत नाही. प्रत्येक सीडीवर तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा, आणि वडिलांचा हात लुळा पडल्याचे पहिल्यांदा किती वाजता लक्षात आले तेही.